कोसावर नव्हे, नक्षत्रावर

मोटारीच्या मागे जोडायच्या ट्रेलरचं चाक उघडून बेरिंग धुवायचं आणि नवं ग्रीस भरायचं ते कधी, याचं ट्रेलर बनवणाऱ्यांच्या पुस्तिकांमधलं उत्तर बहुधा सारखंच असतं: एकोणीस-वीस हजार किलोमीटर झाल्यावर किंवा वर्ष झाल्यावर, यांतलं जे आधी होईल तेव्हा. वाचणाऱ्याच्या लक्षात राहतो तो यातला पहिला अर्धा भाग. चाक फिरलं तर झिजणार, नाही फिरलं तर काय झिजणार, असा सरळ हिशेब माणूस करतो. दुसरा अर्धा भाग कंपनीच्या सावधगिरीपोटी घातलेला वाटतो. रत्नागिरी जिल्ह्यातल्या चाकाचा गेल्या दोनशे वर्षांचा इतिहास पाहिला तर मात्र हा हिशेब उलटा करावा लागतो. इथं आस किती धावला यापेक्षा तो कोणत्या चार महिन्यांत उभा राहिला, याने त्याचं आयुष्य ठरत आलं आहे. म्हणून इथली चाकाची निगा मुळात कोसावर मोजली जात नव्हती, नक्षत्रावर मोजली जात होती. ती अडाण्यांची रीत नव्हती, या हवेचं नेमकं ज्ञान होतं, असं माझं म्हणणं आहे.

या म्हणण्याला पहिली अडचण येते ती अशी की, रत्नागिरीत चाकाचा इतिहास मुळात आहे तरी किती? ही शंका रास्त आहे. 1880 साली निघालेल्या रत्नागिरी-सावंतवाडीच्या सरकारी गॅझेटिअरमध्ये घाटवाटांची मोठी यादी आहे, पण त्यातल्या बहुतेक वाटा बैलाच्या पाठीवरून माल नेण्याच्या, नाहीतर माणसाच्या डोक्यावरून ओझं उतरवण्याच्या. चिपळूण, संगमेश्वर, राजापूर, खारेपाटण ही गावं व्यापाराला मोठी झाली ती जागेच्या जोरावर. खाडीतून वर येणारं गलबत जिथं थांबतं आणि घाटावरून उतरणारा लमाणांचा तांडा जिथं गोणी टाकतो, त्या सांध्यावर ती वसली होती. राजापूरची ही मोक्याची जागा सतराव्या शतकात इंग्रजांच्याही डोळ्यांत भरली आणि त्यांनी तिथं वखार घातली. त्या वखारीतल्या मालाने अणस्कुऱ्यासारख्या घाटात चाक पाहिलं नाही. धोंडो केशव कर्वे 1870च्या दशकात मुरुडहून साताऱ्याला परीक्षेसाठी गेले ते शंभराहून अधिक मैल पायी, कुंभार्ली घाट चढून. सतरा-अठरा वर्षांचा मुलगा, परीक्षेची तारीख तोंडावर आलेली, आणि तरी त्याला चालण्यावाचून गत्यंतर नव्हतं. साताऱ्याला पोचल्यावर वय लहान दिसतं म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिलं नाही, ही गोष्ट महाराष्ट्राला ठाऊक आहे. या प्रवासाला चाक लागलं नाही, हे मात्र सहसा कुणी लक्षात घेत नाही.

तेव्हा जिल्ह्यात चाकं होती ती थोडी आणि उशिरा आलेली. वेंगुर्ला बंदरातून बेळगावच्या छावणीला सामान न्यायचं म्हणून रामघाटाचा रस्ता झाला, तो फार चढाचा निघाला, म्हणून पुढे आंबोलीचा सोपा रस्ता झाला. चिपळूणहून कराडला जाणारा कुंभार्ली, रत्नागिरीहून कोल्हापूरला जाणारा आंबा, देवगडच्या बाजूचा फोंडा हे घाट एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एकामागून एक गाडीरस्ते होत गेले. (वेंगुर्ला, देवगड, मालवण तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातच होती, सिंधुदुर्ग वेगळा झाला 1981मध्ये.) इतिहास लिहिणारे इथं थांबतात: रस्ता झाला, गाडी आली. पण रस्ता हा चाकाच्या बाहेरचा भाग झाला. चाकाचा आतला भाग म्हणजे तुंबा, त्यात बसवलेली लोखंडी नळी, तिच्यातून जाणारा आस आणि त्या दोघांच्या मधली वंगणाची पातळ पापडी. घाटाचा उतार कमी केला म्हणून त्या पापडीचं काही भलं होत नाही.

ही गाडी देशावरून आली, आणि देशावरही ती फार जुनी नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला दख्खनमधल्या गाड्यांची चाकं भरीव आणि अवजड असत, काही ठिकाणी चक्क दगडाची. 1830च्या दशकात सरकारी पाहणी खात्यातल्या गेसफर्ड नावाच्या अधिकाऱ्याने सोलापूरकडे टेंभुर्णी इथं हलक्या, आऱ्यांच्या चाकांच्या गाड्या बनवायला सुरुवात केली आणि त्या गाडीचा नमुना हळूहळू दख्खनभर पसरला. तुंबा, आरे, पुठे, वरून लोखंडी धाव आणि आत लोखंडी आस, अशी ही रचना. देशावर चाकाला बाभूळ मिळे, कोरड्या हवेत वाळलेली, लोखंडासारखी टणक. घाट उतरून कोकणात आलं की बाभूळ दुर्मीळ आणि हवा ओली. ज्या गाडीचा हिशेब वर्षाला वीस-पंचवीस इंच पावसाच्या मुलखात बसवलेला होता, ती गाडी आता सव्वाशे इंच पावसाच्या मुलखात आली. पावसाळ्यात तिचं लाकूड फुगे, चैत्र-वैशाखात आक्रसे, धाव सैल होई. ती उतरवून, शेणीच्या जाळात तापवून, पुन्हा चढवून वर पाणी ओतायचं काम सुतार-लोहाराच्या जोडीला दर उन्हाळ्यात असे. चाकाचं बाहेरचं अंग अशा रीतीने ऋतूला बांधलं गेलं होतं. आतलं अंग त्याहून घट्ट बांधलं गेलं.

वंगण म्हणजे नुसतं तेल नव्हे. नुसतं तेल आसावरून ओघळून जातं. एका मजलेत तुंबा कोरडा पडतो आणि चाक ओरडायला लागतं. म्हणून तेलात काजळी, जाळलेल्या काडाची किंवा चिंध्यांची पूड घोटून त्याचा काळा, चिकट लगदा करायचा. ही पूड तेलाला धरून ठेवते. लोणच्यातल्या खारात मोहरीची पूड तेलाला जशी सुटून वर येऊ देत नाही, तसंच काहीसं. आजच्या ग्रीसची रचना याहून तत्त्वतः वेगळी नाही. त्यातही बहुतांश भाग तेलाचाच असतो. चुना, सोडा किंवा लिथियम यांच्यापासून केलेला साबण त्या तेलाला जाळ्यात धरून ठेवतो आणि चाक फिरेल तसं थोडं थोडं सोडतो. देशावर या कामाला एरंडेल आणि करडईचं तेल असे. एरंडेलाची महती इतकी की भारतातल्या आगगाड्यांच्या आसांनाही एकोणिसाव्या शतकात ते घातलं जाई, आणि 1909मध्ये इंग्लंडमधल्या वेकफिल्डच्या कंपनीने आपल्या मोटारच्या तेलाला कॅस्ट्रॉल हे नाव दिलं तेही त्यात एरंडेल होतं म्हणून. कोकणात तेलाचा तोटा नव्हता: खोबरेल, करंजेल, उंडेल, मुशीच्या काळजाचं तेल, शिवाय कोकमाच्या बियांचं तेल, जे थंडीत दगडासारखं घट्ट होतं आणि चाळीस अंशांच्या आसपास वितळतं. पण यातलं प्रत्येक तेल आसाला सारखं लागू पडत नाही. खोबरेल पौष-माघाच्या पहाटे गोठतं. उंडेल आणि करंजेल खायच्या उपयोगाचं नाही, त्यामुळे दिव्याला, लाकडाला, होडीला आणि गाडीला ते मोकळं सापडे. तेल्याच्या घाण्यावर कोणतं तेल देवापुढे जाणार आणि कोणतं तुंब्यात, याची वाटणी अशी चवीने आणि वासाने आपोआप होई.

आता पावसाळ्याकडे येऊ, कारण सगळा वाद तिथं आहे. रोहिणी संपून मृग लागला की गाडी थांबे. भाताच्या चिखलात, उतारावरच्या निसरड्या जांभ्यावर आणि फुगलेल्या वहाळांतून ती न्यायची सोय नव्हती. चाकं काढून पडवीत किंवा गोठ्याच्या माळ्याखाली भिंतीला टेकवून ठेवायची, साटा उभा करायचा, आणि भात कापून झोडून होईपर्यंत विषय बंद. या चार महिन्यांत आसाला काय होतं? हवेत ओल इतकी असते की लोखंड पाणी न लागताही गंजतं. समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्यात मीठ असतं आणि मीठ हवेतली ओल ओढून घेतं. म्हणजे पत्र्यावर दिसणारा थेंब नसला तरी लोखंडावर पाण्याची अदृश्य साय कायम राहते. फिरत्या चाकात वंगण सतत सगळीकडे पसरत असतं, उघड्या पडलेल्या जागेवर पुन्हा लेप बसतो. उभ्या चाकात ते गुरुत्वाकर्षणाने खाली उतरतं, आसाची वरची बाजू उघडी पडते, आणि गंजाचा पहिला ठिपका तिथं उमटतो. खाली उतरलेल्या वंगणात वर्षभर साचलेली तांबडी धूळ असते. जांभ्याची धूळ मऊ दिसते, पण तिच्यात लोहाची संयुगं आणि वाळूचे कण असतात. तेलात कालवली की ती पॉलिशपेपराचं काम करते. दसऱ्यानंतर त्याच वंगणावर चाक चढवून गाडी जोडली, तर गंज आणि धूळ मिळून एका हंगामात आसाला खाच पाडतील. देशावरचा गाडीवान तुंब्यात वरून वंगण भरत राहिला तर चालून जाई. कोकणातल्याला ते चालत नव्हतं. त्याला काढावं लागे, पुसावं लागे, खरवडावं लागे, मग नवं घालावं लागे.

हे काम दोनदा करायचं असतं, आणि दोन्ही वेळा मुहूर्त हवामानाने ठरवलेला. एकदा चाकं काढून ठेवताना, जुनं वंगण पुसून आसाला तेलाचा जाड हात द्यायचा, म्हणजे ओल आत शिरणार नाही. दुसऱ्यांदा, चाकं परत चढवताना. खंडेनवमी-दसऱ्याला हत्यारं, अवजारं, कोयते, नांगर घासूनपुसून पूजायची रीत महाराष्ट्रात सगळीकडे आहे. मुंबईतल्या गिरणीत आणि पुण्यातल्या कारखान्यात ती शोभेची झाली, कारण तिथली यंत्रं आदल्या दिवशीही चालूच होती. रत्नागिरीच्या वाडीत मात्र दसरा हा लोखंड चार महिन्यांनी पुन्हा उजेडात येण्याचा दिवस होता. पूजेच्या आधीचं घासणं-पुसणं हे तिथं धार्मिक कमी आणि कामाचं जास्त होतं, असा माझा तर्क आहे. तो तर्कच आहे. पण रीत आणि गरज एकाच पंधरवड्यात पडतात हे योगायोगाने झालं असं मानणं अधिक अवघड आहे.

याला अधिक भक्कम पुरावा किनाऱ्यावर मिळतो. ऋतूवर मोजून निगा राखायची ही पद्धत गाडी येण्यापूर्वीच कोकणात शतकानुशतकं रुळलेली होती, ती होडीसाठी. पावसाळा तोंडावर आला की मचवे, पडाव, गलबतं ओढून वर घ्यायची, झावळ्यांनी शाकारायची, आणि नारळी पौर्णिमेला समुद्र उघडायच्या आधी फटी बुजवून, तेल देऊन सज्ज करायची. यात कुणी किती सागरी मैल झाले हे विचारत नसे. पाण्याखालच्या भागाला शिंपल्या भाजून केलेला चुना तेलात किंवा चरबीत मळून लावायची चाल अरबी समुद्राच्या दोन्ही किनाऱ्यांवर होती. त्या लेपामागचं रसायन चाकाच्या इतिहासात फार महत्त्वाचं आहे. चुना आणि तेल एकत्र आले की हळूहळू कॅल्शियमचा साबण तयार होतो, आणि हा साबण पाण्यात विरघळत नाही. एकोणिसाव्या शतकात युरोपात गाड्यांच्या आसांसाठी जे पहिलं कारखानी ग्रीस निघालं ते याच चुन्याच्या साबणाचं. प्राचीन इजिप्तच्या थडग्यांत सापडलेल्या रथांच्या आसांवरही चरबी आणि चुन्याचे अवशेष मिळाले आहेत. म्हणजे पाणी न लागू देणारं वंगण कसं करावं, हे रत्नागिरीच्या खलाशाच्या हाताला ठाऊक होतं; ते तो होडीच्या पोटाला लावत होता, कारण त्याच्याकडे होडी होती. कोकणी माणसाला यंत्राची निगा राखता येत नव्हती म्हणून चाक उशिरा आलं, असं कुणी म्हणेल तर त्याला हे उत्तर पुरेसं आहे.

पण माझ्या म्हणण्यावर दोन आक्षेप याहून वजनदार आहेत. पहिला असा: गाडीवान तर मुक्कामागणिक वंगण घालत असे. गाडीखाली टांगलेलं वंगणाचं नळकांडं होतं कशाला? घाट चढून आलं की घालायचं, मजल संपली की घालायचं; म्हणजे हिशेब कोसाचाच झाला. यात तथ्य आहे आणि ते नाकारायचं कारण नाही. साध्या, बेरिंग नसलेल्या तुंब्यातून वंगण गळतच असतं, तेव्हा जितकं अंतर तितकं वंगण हा हिशेब सुटत नाही. मात्र हे भर घालणं झालं. ते चाकाला आजचा दिवस ओढून नेतं. आस दहा वर्षं टिकणार की तीन, हे चाक काढून पुसण्यावर ठरतं, आणि ते काम कुणी मजलेच्या मुक्कामी, बैल सोडलेले असताना, चार मणांचा भार गाडीत असताना करत नाही. ते ऋतूचंच काम. एकाच चाकाला दोन घड्याळं लावलेली होती, त्यातलं मोठं घड्याळ नक्षत्रांचं होतं, एवढंच मला म्हणायचं आहे.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. पावसाळ्यात गाडी चालवताच येत नव्हती, म्हणून ती उभी राहिली. उभी होती, वेळ होता, म्हणून तेव्हा दुरुस्ती झाली. यात हवेचं ज्ञान वगैरे कुठून आणता? नाइलाजाला शहाणपणाचं नाव देऊ नये. हे वाचायला पटतं, पण त्याची परीक्षा करता येते. नाइलाज संपल्यावर काय झालं ते पाहावं. मोटार आली, डांबर आलं, पावसाळ्यातही चाक फिरू लागलं. जर ऋतूचा हिशेब नुसत्या सवडीचा असेल, तर त्यानंतर तो निरुपयोगी ठरायला हवा होता.

आधी बेरिंग कसं आलं ते पाहू, कारण अंतराचा हिशेब त्याच्याबरोबर आला. वेल्समधल्या फिलिप व्हॉन याने 1794मध्ये गाडीच्या आसात गोळ्या बसवण्याचं पेटंट घेतलं होतं, पण त्या गोळ्या एकसारख्या आणि कठीण पोलादाच्या करायला आणखी पाऊण शतक जावं लागलं. मग त्या प्रथम सायकलीत गेल्या. आपल्याकडेही सामान्य माणसाच्या हाती आलेलं पहिलं बेरिंग सायकलीचंच असावं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलीचं दुकान काढलं तो काळ 1888च्या आसपासचा. आंबोली घाटाच्या माथ्यापलीकडे, म्हणजे जुन्या रत्नागिरी जिल्ह्याच्या उंबऱ्यावर, चाकाच्या पोटात गोळ्या फिरत होत्या तेव्हा घाटाखाली अजून उंडेल आणि काजळी चालू होती. 1898मध्ये हेन्री टिमकेन याने निमुळत्या रोलरच्या बेरिंगचं पेटंट घेतलं. सरळ ओझं आणि वळणावरचा आडवा रेटा, दोन्ही एकाच वेळी सोसणारं हे बेरिंग आज ट्रकपासून ट्रेलरपर्यंत बहुतेक चाकांत असतं. भारतात 1946मध्ये जयपूरला बेरिंगचा कारखाना स्थापन झाला आणि 1960च्या दशकात चिंचवडला एसकेएफचा आला. बेरिंगबरोबर कंपनीचं पुस्तक आलं, आणि पुस्तक लिहिणारा रत्नागिरीचा पाऊस डोळ्यांसमोर ठेवून लिहीत नसतो. त्याने काटा लावला तो किलोमीटरचा.

एसटीने तो काटा गावोगाव नेला. 1 जून 1948 रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली गाडी सुटली, पुढे कोकणात आगारं झाली, आणि ठरावीक किलोमीटरनंतर हब उघडून ग्रीस भरायची शिस्त त्या आगारांतल्या कामगारांनी रुजवली. ही शिस्त एसटीला अगदी योग्य होती. बारा महिने रोज फिरणाऱ्या चाकाला कोकणातली ओल फारशी पकडू शकत नाही: बेरिंग कोमट राहतं, आलेलं बाष्प टिकत नाही, ग्रीस पसरत राहतं. फिरत्या चाकाला किलोमीटर लावणं बरोबरच आहे. चूक होते ती तोच हिशेब उभ्या चाकाला लावताना. आणि रत्नागिरीत उभी राहणारी चाकं मोटारयुगातही काही कमी नाहीत. चिरे वाहणारी ट्रॅक्टरची ट्रॉली चिरेखाण पावसाने भरली की जून ते सप्टेंबर उभी. आंब्याच्या पेट्या वाहणारी छोटी ट्रॉली तर वर्षातून अडीच महिने जीव तोडून धावते आणि उरलेला काळ काजूच्या झाडाखाली असते. मिरकरवाड्याच्या बंदरातली हातगाडी आणि मासळीचा टेम्पो मासेमारी बंद असताना थांबतात. त्याआधी वर्षभर बर्फाचं खारट पाणी त्यांच्या हबवर ठिबकत आलेलं असतं. या सगळ्यांचा किलोमीटरचा आकडा इतका लहान असतो की पुस्तकातल्या किलोमीटरच्या हिशेबाने त्यांना ग्रीसची वेळ यायला आठ-दहा वर्षं लागतील. प्रत्यक्षात बेरिंग त्याच्या कितीतरी आधी जातं.

जातं कसं, तेही पाहण्यासारखं आहे, कारण लाकडी तुंब्यातल्या आसाचं आणि पोलादी बेरिंगचं मरण एकाच जातीचं आहे. रोलर आणि त्याची वाटी यांचा स्पर्श केसाएवढ्या रुंदीच्या रेषेवर होतो. चाक उभं असताना ओझ्याने त्या रेषेवरचं ग्रीस बाजूला सरतं. वाऱ्याने किंवा शेजारून जाणाऱ्या गाडीच्या हादऱ्याने ट्रॉली तिळाएवढी हलत राहते, आणि धातूवर धातू घासून त्याच जागी बारीक खाचा पडतात. ओल शिरली की त्या खाचेत गंज धरतो. पावसाळ्यानंतर ट्रॉली ओढली की चाक फिरतं, पण प्रत्येक फेऱ्याला रोलर त्या खाचांवरून जातो आणि बेरिंग घरघर करू लागतं. मालक म्हणतो, गेल्या वर्षी तर फार चाललीच नाही, मग बेरिंग गेलं कसं! ती चालली नाही म्हणूनच गेलं. खाडीच्या पाण्यात उतरणाऱ्या होडीच्या ट्रेलरची अवस्था आणखी वाईट: रस्त्यावरून आलेला गरम हब गार पाण्यात बुडाला की आतली हवा आक्रसते आणि सीलच्या फटीतून खारं पाणी आत ओढलं जातं. तेव्हा नाइलाजाचा आक्षेप इथं टिकत नाही. डांबर झालं, चिखल संपला, बैल गेले, तरी चाक ऋतूचाच हिशेब मागत राहिलं.

अंतर मोजणाऱ्या यंत्रांमध्ये सर्वांत शिस्तीचं यंत्र म्हणजे रेल्वे, आणि ती इथं अगदी शेवटी आली. कोकण रेल्वे महामंडळ 1990मध्ये स्थापन झालं, संपूर्ण मार्ग 26 जानेवारी 1998 रोजी खुला झाला. करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा आणि पानवल नदीवरचा चौसष्ट मीटर उंच पूल हे दोन्ही रत्नागिरी शहराच्या आसपासचे. इतकं डोंगर पोखरून झाल्यावर या रेल्वेने जून ते ऑक्टोबरसाठी वेगळं, मंद गतीचं पावसाळी वेळापत्रक ठेवलं. ते दरडींसाठी आहे, आसांसाठी नाही, हे खरं. त्याचा पुरावा म्हणून अति ताण देणार नाही. पण वर्षाचे दोन भाग करून यंत्र चालवायचं, हे या जिल्ह्याचं जुनं गणित देशातल्या सर्वांत आधुनिक मार्गानेही मान्य केलं, एवढं त्यातून नक्की दिसतं. 1999पासून याच मार्गावर मालाचे ट्रक रेल्वेच्या वाघिणींवर चढवून कोलाडहून गोव्यातल्या वेर्ण्यापर्यंत नेले जातात. ज्या मुलखात बैलाच्या पाठीवरून गोण्या जात तिथं आता चाकांवर चाकं चढून जातात, आणि वरची चाकं त्या प्रवासात फिरत नाहीत.

राहिला सीलबंद बेरिंगचा मुद्दा. कारखान्यातच ग्रीस भरून दोन्ही बाजूंनी बंद केलेलं बेरिंग आल्यावर वंगणाची गोष्टच संपली, असं पुष्कळांना वाटतं. मोटारीच्या बाबतीत ती जवळजवळ संपली आहे. पण त्या बेरिंगचं आयुष्य धरलेलं असतं ते फिरत राहणाऱ्या चाकाचं. रबराचं सील उन्हात कडक होतं, उभ्या चाकात एकाच जागी दबून बसतं, आणि मीठ त्याच्या ओठाखालच्या पोलादाला खातं. सील उघडता येत नाही म्हणजे आतला गंजही पुसता येत नाही. बेरिंग फेकून नवं घालणं हाच उपाय उरतो. शिवाय हौशी प्रवासाच्या बहुतेक ट्रेलरांत अजून उघडता येणारी निमुळत्या रोलरचीच जोडी असते: आतलं मोठं, बाहेरचं लहान, मागे सील, पुढे नट, खीळ आणि धुळीची टोपी.

2021मध्ये महाराष्ट्र सरकारने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं. मोटारीमागे ओढायचे एका आसाचे, दोन आसांचे, तंबूचे ट्रेलर अशी वाहनं त्यात धरलेली आहेत. ती गणपतीपुळ्याच्या, आरे-वारेच्या किनाऱ्याकडे येणार ती दिवाळी ते मे, आणि बाकीचा काळ कुठल्यातरी आवारात उभी राहणार. म्हणजे वागणुकीने ती मोटारीपेक्षा जुन्या बैलगाडीच्या अधिक जवळची. त्यांना पुस्तकातलं वीस हजार किलोमीटरचं वाक्य लावायचं की वर्षाचं, हा निर्णय इथं करायला नवा अभ्यास लागत नाही. मृगाच्या आधी चाकं काढावीत, बेरिंग रॉकेलमध्ये धुऊन पूर्ण वाळवावीत, रोलर आणि वाटी बोटाने चाचपून पाहावी, तळहातावर ग्रीस घेऊन ते रोलरांच्या फटीतून पलीकडे येईपर्यंत दाबावं. आत आधी कोणत्या जातीचं ग्रीस होतं ते ठाऊक नसेल तर सगळं काढूनच नवं भरावं, कारण वेगवेगळ्या साबणांची ग्रीसं एकमेकांत मिसळली की पातळ होऊन वाहू शकतात. आस ठोकळ्यांवर उचलून ठेवला तर चाकांवर भार राहत नाही, आणि पंधरा दिवसांनी प्रत्येक चाक हाताने दोन-चार वेढे फिरवता येतं. दसऱ्याच्या सुमारास टोपी काढून पाहावी: ग्रीस दुधाळ झालेलं असेल तर पाणी शिरलं आहे, आणि काट्यावर एकही किलोमीटर वाढलेला नसला तरी ते पुन्हा बदलावं लागेल.